समजून घ्या : नोलन रायन ‘ओव्हररेटेड’ होता का?

बेसबॉलच्या विक्रमांची चर्चा निघाली की पिचर नोलन रायनचे नाव येतेच. १९६६ ते १९९३ दरम्यान २७ हंगाम आणि ५,७१४ स्ट्राइकआउट. हा विक्रम आजही अबाधित आहे. तरीही वर्षातील सर्वोत्तम पिचरचा ‘साय यंग’ पुरस्कार त्याला एकदाही मिळाला नाही. मग त्याला डोक्यावर घेतले गेले, ते उगाच का?

स्ट्राइकआउटची दुसरी बाजू

पिचरने स्ट्राइक झोनबाहेर टाकलेले चार चेंडू फलंदाजाने सोडले, की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. याला ‘वॉक’ म्हणतात. रायनने असे २,७९५ वॉक दिले. या नकोशा यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या स्टीव्ह कार्लटनचा आकडा १,८३३ आहे. रायनचा सुरुवातीचा संघसहकारी टॉम सीव्हर दर नऊ इनिंगमागे सुमारे २.६ वॉक देत असे, रायन ४.७.

मग तुलना कशी करायची?

नऊ इनिंगमागे पिचरने किती धावा दिल्या, ते ‘ईआरए’ सांगतो. रायनचा ३.१९, सीव्हरचा २.८६. पण रायन नऊ वर्षे ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये खेळला. तिथे धावा काढणे अवघड असे. त्यामुळे मैदान आणि काळ यांचा हिशेब धरणारा ‘ईआरए प्लस’ पाहावा लागतो. त्यात १०० म्हणजे सरासरी पिचर. रायन ११२, सीव्हर १२७.

पराभवांचे काय?

रायनच्या नावावर ३२४ विजय आणि २९२ पराभव आहेत. टीकाकार या पराभवांवर बोट ठेवतात. मात्र १९८७ मध्ये नॅशनल लीगमधील सर्वांत कमी ईआरए (२.७६) त्याचाच होता आणि तरी तो ८ सामने जिंकून १६ हरला. फलंदाजांनी धावाच केल्या नाहीत, तर पिचर काय करणार?

माझ्या मते रायन सामान्य मुळीच नव्हता. चाळिशीतही तो फलंदाजांना धडकी भरवत होता. पण ‘हॉल ऑफ फेम’च्या मतदानात सीव्हरला ९८.८४ टक्के मते मिळाली आणि रायनला ९८.७९. मतदारांनी दोघांना जवळपास एकाच पंक्तीत बसवले. आकडे तसे बसवत नाहीत. एवढ्यापुरता तो ओव्हररेटेड आहे. खेळाडूचा एखादा डोळे दिपवणारा विक्रम पाहिला, की तो कशाच्या बदल्यात झाला, हेही विचारायला हवे.