बत्तीससाठी सहावा पत्ता



यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग शाळेतल्या संगणकशास्त्राला दिला आहे, आणि त्यातही शिक्षकांना. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचे ठरवले. मुलांना काय शिकवावे यावर तेव्हापासून भरपूर बोलून झाले. शिकवणाऱ्याला कोण शिकवणार, हा प्रश्न मात्र मागेच पडला.

आपल्याकडे संगणक म्हटला की आधी कुलूपबंद खोली डोळ्यांपुढे येते. १९८४मध्ये केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो यंत्रे शाळांत आली. आधी यंत्र, मग बाकीचे, हा क्रम तेव्हापासूनचा. पुढे २००१पासून एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाने असंख्य मराठी माणसांचा हात की-बोर्डवर बसवला. ते काम मोठेच. पण संगणक वापरता येणे वेगळे आणि त्यामागचा विचार वर्गात उलगडून दाखवणे वेगळे. या दुसऱ्या कामाला यंत्र लागतेच असे नाही.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने असेच बिनसंगणकाचे खेळ रचले. त्यातला एक पाहा. फळ्यासमोर पाच मुले ओळीने उभी. हातात पुठ्ठ्याचे पत्ते, त्यांवर डावीकडून १६, ८, ४, २ आणि १ ठिपके. बाई म्हणतात, “अकरा!” जरा कुजबुज होते. मग आठ, दोन आणि एकवाले पत्ते दाखवतात, उरलेले दोघे पालथे धरतात. फळ्यावर उमटते ०१०११. एकतीसपर्यंत खेळ रंगतो आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, “बाई, बत्तीस कसं करायचं?”

सगळी कसोटी इथे आहे. प्रशिक्षणात स्वतः पत्ता धरून गोंधळलेल्या बाई लगेच उत्तर देणार नाहीत. त्या विचारतील, “आणखी कोणाला बोलावूया? त्याच्या पत्त्यावर किती ठिपके हवेत?” ज्यांना प्रशिक्षणात नुसत्या स्लाइड दाखवल्या, त्या बाई तास आवरता घेतील, आणि तो दोष त्यांचा नसेल.

साहित्याची वानवा नाही. ‘एसीएम इंडिया’ या संगणकतज्ज्ञांच्या संस्थेचा ‘सीएसपाठशाला’ उपक्रम २०१६पासून संगणकीय विचाराचे पाठ शाळांपर्यंत नेतो आहे. लिथुआनियात २००४मध्ये सुरू झालेल्या ‘बेब्रास’ स्पर्धेचे भारतातले आयोजनही तोच करतो. आयआयटी मुंबईत ‘कॉम्प्युटर मस्ती’ची पुस्तके तयार झाली. कमी आहे ती उसंत. द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीचे काम सांभाळणाऱ्या शिक्षकाला एकदा दोन दिवसांचे प्रशिक्षण देऊन मोकळे होणे, हा त्याच्यावर अन्यायच आहे.

म्हणून आमचा आग्रह आहे की शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत दर महिन्याला एक तास यासाठी राखावा. कोणता पाठ फसला, मुलांनी काय विचारले, हे शिक्षकांनी तिथे मोकळेपणी मांडावे. केंद्रप्रमुखांनी त्या तासात परिपत्रके वाचू नयेत.

आमचे कितीतरी वाचक हिंजवडीत, ऐरोलीत, परदेशात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्या करतात. गावच्या शाळेला जुने संगणक पाठवण्याआधी तिथल्या शिक्षकांना फोन करून विचारा, कुठे अडते. एक पाठ त्यांच्याबरोबर बसून करून पाहा. वर्ग त्यांनाच घेऊ द्या, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा. दिवाळीची सुट्टी संपली की शाळांचे दुसरे सत्र सुरू होते. तिथून आरंभ करता येईल.