दरवाजा आपोआप उघडतो, निरोप मात्र हातानं पोचतो

विशेष विश्लेषण

राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजा आपला आपण उघडतो, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाही. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. हा आकडा नदीकाठच्या माणसाला तोंडपाठ आहे. दरवाजा उघडल्याचा निरोप मात्र आजही बहुतेक वेळा माणसंच पुढं ढकलतात. धरणावरून नियंत्रण कक्ष, तिथून तालुका, तालुक्यातून तलाठी नि पोलीस पाटील, मग गावचा व्हॉट्सअॅप ग्रुप. या साखळीत एकजण झोपला, एकाची बॅटरी संपली किंवा एक जण रेंजबाहेर गेला, की निरोप तिथंच अडकतो. पाणी अडकत नाही.

म्हणूनच एक मागणी आता पुढं येते आहे. पाण्याची पातळी, पाऊस, विसर्ग हे सगळं मोजणाऱ्या यंत्रणेनंच निरोप थेट गावच्या आपत्ती ग्रुपवर का टाकू नये? मागणी रास्त आहे आणि तांत्रिकदृष्ट्या अवघडही नाही. पण घाईनं केली तर आज जो निरोप उशिरा पोचतो, तो उद्या वेळेवर पोचूनही कुणी वाचणार नाही. दोन्हीचा परिणाम एकच.

हे चालतं कसं?

मोठ्या कंपन्यांत ही पद्धत जुनी झाली. स्लॅक, मायक्रोसॉफ्ट टीम्स यांसारख्या कामाच्या चॅटमध्ये एखाद्या ग्रुपसाठी एक लांबलचक खास पत्ता तयार करून मिळतो. त्याला वेबहुक म्हणतात. बाहेरच्या संगणकानं त्या पत्त्यावर चार ओळी पाठवल्या की त्या ग्रुपमध्ये निरोप म्हणून उमटतात. मध्ये माणूस लागत नाही. टेलिग्रामवर हेच काम ‘बॉट’ करतो. ही सोय तिथं २०१५ पासून आहे आणि त्यासाठी टेलिग्राम पैसे घेत नाही.

आपल्याकडं अडचण अशी की गाव व्हॉट्सअॅपवर आहे. तिथं संस्थांसाठी २०१८ पासून वेगळी व्यवस्था आहे, पण ती मुख्यतः एकेका नंबरवर निरोप पाठवण्यासाठी आणि पैसे मोजून. गावच्या साध्या ग्रुपमध्ये यंत्राला थेट बसवायची सरळ सोय नाही. काहीजण चोरवाटेनं करून देतो म्हणतात. ते नियमात बसत नाही, आणि असा नंबर कधीही बंद पडू शकतो. ऐन पुरात नंबर बंद पडला तर जाब कुणाला विचारायचा?

मोजणारी यंत्रं आपल्याकडं आधीच आहेत. ‘महावेध’ प्रकल्पात राज्यातल्या महसूल मंडळांमध्ये दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस नि पाण्याची पातळी आपोआप कळवणारी जलसंपदा विभागाची यंत्रणा आहे. वीज कुठं पडू शकते ते सांगणारं ‘दामिनी’ अॅप पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं काढलं. माहिती तयार आहे. प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे.

आकडा म्हणजे इशारा नव्हे

समजा, पर्जन्यमापकाची दर १० मिनिटांची नोंद थेट ग्रुपवर यायला लागली. दिवसाला १४४ निरोप झाले, आणि तेही एकाच मंडळाचे. पहिल्या दिवशी सगळे वाचतील. तिसऱ्या दिवशी निम्मे लोक ग्रुप म्यूट करतील. आठव्या दिवशी खरा धोक्याचा निरोप त्या ढिगाऱ्यात पडून राहील. ज्या कंपन्यांनी ही पद्धत आधी वापरली, त्यांनाही हाच धडा मिळाला. यंत्र बोलतं करणं सोपं असतं. कधी गप्प बसायचं हे त्याला शिकवावं लागतं.

यावर उपाय आपल्या ओळखीचाच आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० आणि ४५ फूट. अतिवृष्टी म्हणजे २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस. या रेषा ठरलेल्या आहेत. यंत्रानं तोंड उघडायचं ते रेषा ओलांडल्यावर, किंवा पाणी झपाट्यानं रेषेकडं सरकायला लागल्यावर. बाकीची नोंद वेबसाइटवर राहू दे. ज्याला बघायची तो बघेल.

दुसरी गोष्ट, निरोपात आकड्यासोबत कृती हवी. ‘पातळी ४१ फूट’ एवढ्यानं शिरोळच्या शेतकऱ्याला काय कळणार? मोटार काढायची का, जनावरं हलवायची का, कुठला रस्ता बंद होणार, हे त्याला हवं असतं. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीसारख्या गावांना किती फुटांवर काय करायचं हे अनुभवानं माहीत आहे. ते शहाणपण निरोपाच्या मजकुरात आधीच लिहून ठेवता येतं. पातळी अमुक झाली की अमुक मजकूर जाईल. हा मजकूर उन्हाळ्यात गावात बसून ठरवावा. पूर आल्यावर कार्यालयात बसून नव्हे.

जुना निरोप, नवी भीती

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. त्या वेळचे व्हिडिओ पुढं पावसाळ्यात नव्यानं फिरतात आणि लोक घाबरतात. फॉरवर्ड झालेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ असं दिसतं, पण तो मुळात कधीचा ते दिसत नाही. व्हॉट्सअॅपनं भारतात २०१८ मध्ये एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. त्यानं वेग कमी झाला, खोटेपणा गेला नाही.

म्हणून यंत्रानं पाठवलेल्या प्रत्येक निरोपाच्या मजकुरातच तारीख, वेळ, ठिकाण आणि ‘हा इशारा कधीपर्यंत लागू’ हे असलं पाहिजे. जगभर इशाऱ्यांसाठी ‘कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल’ नावाचा एक साचा वापरतात. धोका कशाचा, किती मोठा, कुठल्या भागाला, कधी संपणार, लोकांनी काय करायचं, याचे रकाने त्यात ठरलेले असतात. खरा इशारा आहे की चाचणी, याचाही रकाना आहे. आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा याच साच्यावर चालते. २०२३ मध्ये मोबाईल एकदम मोठ्यानं वाजून चाचणीचा संदेश आला होता, तो अनेकांना आठवत असेल. तोही याच कामाचा भाग. देशपातळीवर साचा तयार असताना गावच्या ग्रुपसाठी वेगळा शोध लावायची गरज नाही.

यंत्र गप्प झालं तर?

सगळ्यात धोक्याचा मुद्दा हाच, आणि याच्यावर बोललं सगळ्यात कमी जातं. एकदा यंत्राकडून निरोप यायची सवय लागली की निरोप नाही म्हणजे धोका नाही, असं माणूस धरून चालतो. पण नदीवरचं यंत्रच पाण्यात गेलं तर? टॉवर बंद पडला तर? जिथं पाऊस सगळ्यात जास्त, तिथंच यंत्र बंद पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

तेव्हा व्यवस्थेत एक अट घालायलाच हवी. ठरलेल्या वेळेत नोंद आली नाही, तर तसा निरोप ग्रुपवर गेला पाहिजे: ‘अमुक ठिकाणची नोंद दोन तासांपासून नाही, प्रत्यक्ष पाहणी करा.’ ही सोय नसेल तर आपण गावाला इशारा देत नाही, नुसता खोटा दिलासा देतो.

आणखी एक. तो खास पत्ता किंवा बॉटची चावी ज्याच्या हाती, तो यंत्राच्या नावानं काहीही लिहू शकतो. ‘धरण फुटलं’ असंसुद्धा. म्हणून ती चावी ग्रुपवर टाकायची नाही, ज्यानं सिस्टीम बसवली त्या ठेकेदाराच्या एकट्याच्या हातात ठेवायची नाही, आणि माणूस बदलला की चावीही बदलायची. गोदामाच्या कुलपाला जेवढं जपतो, तेवढं तरी जपायला हवं.

माणूस लागणारच

यंत्रानं निरोप टाकला, पण तो कुणी वाचला? ग्रुपवर दोनशे जण असले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्यानं बघितलं असेल. म्हणून इशाऱ्याचा ग्रुप वेगळा हवा. त्यात गुड मॉर्निंग, वाढदिवस, राजकारण काही नको, आणि अॅडमिनशिवाय कुणाला लिहिता येणार नाही अशी सेटिंग हवी. प्रत्येक गावातून एकानं ‘मिळाला’ असं ठरलेल्या नंबरवर कळवायचं. ठराविक वेळेत कळवलं नाही, तर तालुक्यातून फोन गेला पाहिजे. ज्या म्हातारीकडं मोबाईल नाही, तिच्यापर्यंत शेवटी भोंगा, देवळावरचा लाऊडस्पीकर नि दारात जाणारा माणूसच पोचतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर आहे. म्हणजे जबाबदारी कागदावर स्पष्ट आहे. पावसाळ्याआधी तालुक्यात आढावा बैठका होतात. त्यात बोटी, औषधं, निवारा केंद्रं यांचा हिशोब होतो. तिथं सरपंच मंडळींनी आणखी तीन प्रश्न विचारावेत. आमच्या गावाला निरोप कुठल्या पातळीला येणार? त्यात आम्ही काय करायचं ते लिहिलेलं असणार का? आणि यंत्र बंद पडलं तर ते आम्हाला कोण, किती वेळात सांगणार?

या तिन्हींची उत्तरं मिळाली तर यंत्र जरूर बसवा. न मिळाली तर गावच्या ग्रुपवर आणखी एक न वाचलेला निरोप येईल, एवढंच.