मोजणीत नसलेला माणूस

बँकेत असताना महिन्यातून एकदा तरी गोदाम-तपासणी माझ्या वाट्याला येई. कर्जापोटी नजरगहाण असलेला माल स्टॉक स्टेटमेंटप्रमाणे जागेवर आहे की नाही, हे पाहायचे, मोजायचे आणि सही करायची. १९९६ साली भिवंडीजवळच्या अशाच एका गोदामात गेलो होतो. प्लास्टिकच्या दाण्यांची पोती पार छताला भिडलेली. वरच्या थरात किती आहेत, ते खालून दिसेना. मी तसे म्हणताच गोदाम कीपरने हाक मारली. सतरा-अठरा वर्षांचा एक हेल्पर फोर्कलिफ्टच्या पुढच्या दोन लोखंडी दातांवर उभा राहिला, चालकाने दांडा ओढला आणि पोरगा पंधरा फूट वर! धरायला काही नाही. तिथून त्याने आकडा ओरडून सांगितला, मी टिपून घेतला. आकडा जुळला. सही करून, चहा पिऊन परतलो.

त्या दिवशी काही झाले नाही, म्हणून ती गोष्ट मी विसरूनही गेलो. परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी कौतुकाने सांगितले, "पोरगा भिवंडीच्या गोदामात लागला. माल उचलायची गाडी शिकतोय, आठवड्यात येईल म्हणतात." तेव्हा पोटात धस्स झाले.

यंत्रमागांची भिवंडी आता गोदामांचीही झाली आहे. मुंबईच्या जकातीची हद्द टळत होती, मुंबई-नाशिक महामार्ग दाराशी होता, १९८९ पासून न्हावा-शेवा बंदरही होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. राज्याराज्यांत वेगळा साठा ठेवण्याची निकड कमी झाली आणि आपण सारे घरबसल्या खरेदी करू लागलो. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला, तेव्हा ओझे माणसाच्या पाठीवर होते. ते यंत्राने उचलले हे चांगलेच झाले. पण पाठीबरोबर माणूसही हिशेबातून गळायला नको होता.

हे यंत्र मोटारीसारखे दिसते, वागते मात्र उलटे. वळतात ती त्याची मागची चाके. त्यामुळे वळताना मागचे बूड बाहेर फेकले जाते आणि बाजूच्या माणसाला भिंतीशी चिरडू शकते. अडीच टन उचलणाऱ्या गाडीचे स्वतःचेच वजन साडेतीन-चार टन असते. पुढच्या ओझ्याला तोलून धरण्यासाठी ते मुद्दाम मागे ठेवलेले असते. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्य असा एक त्रिकोण डोळ्यांसमोर आणा. गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत, तोवर गाडी उभी. ओझे उंच धरून वळलात किंवा उतारावर गाडी आडवी घातलीत, की ती कलंडलीच. अशा वेळी माणूस स्वभावाने बाहेर उडी मारतो आणि नेमका गाडीच्या छताखाली सापडतो. खरे तर पट्टा बांधलेला हवा, स्टिअरिंग घट्ट धरून पाय रोवायचे आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचे. जीव वाचवण्याच्या उपजत बुद्धीविरुद्ध वागणे आठवड्यात अंगवळणी पडेल कसे?

कायद्यात एक फट होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून केवळ बंदिस्त आवारात वापरायची खास वाहने वगळलेली आहेत. १९४८ चा कारखाने कायदा कारखान्यांसाठी. जिथे निव्वळ साठवण होते, ते गोदाम त्यातून निसटे. अमेरिकेने १९९८ च्या अखेरीस चालकाचे प्रशिक्षण आणि दर तीन वर्षांनी त्याची पारख सक्तीची केली. आपल्याकडे व्यावसायिक सुरक्षेची संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या व्यापारी आस्थापनाही तिच्या कक्षेत येतात. म्हणजे कागद तयार झाला. पण तपासनीस कागद कसा पाहतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

उपाय महागडे नाहीत. चालणाऱ्यांची वाट पिवळ्या पट्ट्यांनी वेगळी करावी, कोपऱ्यावर आरसा लावावा, तिथे हॉर्न वाजवावा. ओझे नेताना ते जमिनीपासून वीतभराच्या आत ठेवावे. पुढचे दिसत नसेल तर गाडी मागे चालवावी. चढउतारावर मात्र ओझे नेहमी चढाच्या बाजूला हवे. किल्ली शिकलेल्या माणसाच्याच हाती असावी. आणि फोर्कवर माणूस चढवू नये, कधीच नाही. पैशापेक्षा आड येते ती घाई, आणि 'उद्याच पोचले पाहिजे' म्हणणाऱ्या आपल्या घरांचाही त्या घाईत वाटा आहे.

मावशींना मी एवढेच सांगितले, मुलाला म्हणावे, नीट शिकवल्याशिवाय गाडीवर बसू नकोस. मालकाला वाईट वाटले तरी चालेल. १९९६ चा तो पोरगा आज पन्नाशीला आला असेल, असे मी धरून चालतो. त्याचे नाव मी विचारले नव्हते. पोती किती होती, ते मात्र माझ्या सहीनिशी नोंदलेले होते.