कुणाचे पूर्वज?

मैत्रिणींनो, परवा आमच्या सल्ला केंद्रात एका बाईची बैठक होती. मार खाऊन माहेरी आलेली. नवऱ्यानं हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ खाली दावा लावलेला, म्हणजे 'नांदायला ये'. तिचेच मामा मला समजावत होते, "ताई, तुम्ही शिकलेल्या. पण पूर्वजांनी काही विचार करूनच ठरवलंय ना? बाईनं दिल्या घरीच राहावं." मामा वाईट नव्हते. भाचीसाठी एसटीनं दोनदा आले होते.

एरवी मी अशा वेळी संविधान काढते. या वेळी विचारलं, "मामा, कुठले पूर्वज?"

कोर्टाकरवी बायकोला नांदायला आणण्याची ही तरतूद इंग्लंडातल्या चर्चच्या न्यायालयांतून आली. (आपल्या जुन्या शास्त्रांत बाईला बांधणारं दुसरं पुष्कळ आहे, ते झाकायचं कारण नाही.) १८८४ साली दादाजी भिकाजीनं मुंबईत रखमाबाईंवर हाच दावा लावला. लग्न अकराव्या वर्षी झालेलं, नांदायला त्या कधी गेल्याच नव्हत्या. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला; हिंदू कायद्यात याला आधार नाही, असंही म्हटलं. पण अपिलानंतर, १८८७ मध्ये हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाई म्हणाल्या, कैद पत्करेन. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या, सुरतेच्या दवाखान्यात कितीतरी वर्षं बायकांवर उपचार केले.

त्या वेळी टिळकांचा 'केसरी' रखमाबाईंच्या विरोधात होता. म्हणजे पूर्वजांतही भांडण होतंच! इंग्लंडनं ही तरतूद १९७० मध्ये मोडीत काढली. आपण ती १९५५ च्या कायद्यात घेतली, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली, ती आजही आहे, आणि मामांना ती वाडवडिलांची वाटते.

यात आपलीही चूक आहे. 'परंपरा' शब्द आला की आपण अंग चोरतो, सगळे वाडवडील समोरच्या बाजूला देऊन टाकतो. का म्हणून? रखमाबाई कुणाच्या पणजी? त्यांना आपलं म्हणायचं तर 'केसरी'ही आपलाच होता, हे कबूल करून, निवड आपली आहे असं उघड सांगून म्हणावं लागेल. नुसतं 'पूर्वज सांगून गेले' आपल्यालाही चालणार नाही.

बाई इतका वेळ गप्प होती. मग तिनं विचारलं, "त्या खरंच तुरुंगात गेल्या असत्या?"

पुढची तारीख सोळाला आहे. मामा येतो म्हणालेत.