१ मे म्हणजे फक्त सुट्टी?



परवा १ मेला सकाळपासून मोबाईलवर शुभेच्छा येत होत्या. मोजून सत्तावीस. तुतारी, गड, तलवार. नातवाला विचारले, "आज काय रे?" म्हणाला, "आजोबा, हॉलिडे!" चूक त्याची नाही. आपण त्याला दुसरे काही सांगितलेच नाही.

म्हणून आज स्पष्टच लिहितो. राग आला तरी चालेल.

१ मे १९६० ला राज्य झाले. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. ते हुतात्मा चौकातून जाताना किती जणांना आठवते? पण याच तारखेची त्याआधीची एक आठवण आहे. १ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. विठ्ठलाचे दार अस्पृश्य ठरवलेल्यांनाही उघडावे, एवढीच मागणी. १० मेला उपोषण सुटले ते मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावरच. त्या शुभेच्छांत तलवारी बऱ्याच होत्या, गुरुजी एकातही नव्हते!

पुढे १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. कारभार गावाजवळ आला. माझी सारी नोकरी त्यांच्याच शाळांत झाली. १ मेला झेंडावंदन आणि लगेच निकाल. प्रगतिपुस्तक घेऊन घराकडे धावत सुटलेली अनवाणी पोरे, माझा महाराष्ट्र दिन तोच.

याच तारखेला १९८१ साली जालना आणि सिंधुदुर्ग, १९९९ साली हिंगोली आणि गोंदिया हे जिल्हे झाले. कशासाठी? कचेरी लोकांजवळ यावी म्हणून. मग पट कमी म्हणून वाडीवरची शाळा बंद करायची भाषा कशी शोभते? कचेरी जवळ हवी आणि सात वर्षांच्या पोरीची शाळा लांब चालेल?

कुणी म्हणेल, पालकांनाच इंग्रजी शाळा हवी आहे. खरे आहे. नातवाचे नाव इंग्रजी शाळेत घातले तेव्हा मीही गप्प बसलो. पट असाच घटतो, एकेका घरातून. तेव्हा हा दोष देताना मी स्वतःला वगळत नाही.

दार उघडणे हे या तारखेचे सांगणे आहे. आपण मात्र शाळेची दारे लावून जयजयकार करतो.

असो. पुढच्या १ मेला मला शुभेच्छा पाठवू नका. घरातल्या एका पोराला जवळ बसवून १९४७ ची गोष्ट सांगा. मी कालच सुरुवात केली. नातवाने विचारले, "दार बंद का होतं, आजोबा?"

उत्तर द्यायला मला वेळ लागला.