जुन्या संगणकाचे काय करावे?

अंबरनाथ आणि बदलापूर या दोन स्थानकांच्या मध्ये चिखलोली आहे. पूर्वी धरण आणि कारखाने यांखेरीज येथे बाहेरच्या माणसाचे फारसे काम नसे. आता मुंबई-डोंबिवलीकडची बिऱ्हाडे येथल्या उंच इमारतींत येऊन स्थिरावली आहेत. सामानातून पाटा-वरवंटा आला नाही. पण जुना संगणक मात्र हटकून आला. भरतकामाच्या आच्छादनाखाली तो घरातल्या वयोवृद्ध आत्याबाईंसारखा कोपऱ्यात बसलेला असतो. काम थोडे, मान मोठा!

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर या आत्याबाईंवर संकट आले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीची नेहमीची देखभाल थांबवली. प्रणाली म्हणजे संगणकाचा सारा कारभार पाहणारा कारकून. हा कारकून दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही असे नव्हे; संगणक पूर्वीसारखाच सुरू झाला. थांबली ती डागडुजी. चोराने नवी किल्ली बनवली, तर कुलूप बदलायला आता कोणी येणार नव्हते. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना कंपनीने तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत दिली खरी. पण सवलतीवर संसार किती दिवस करायचा?

“मग विंडोज ११ घाला की!” असे शेजारी सांगतात. ती २०२१ साली आली आणि विंडोज १० वाल्यांना फुकट मिळाली. परंतु तिच्या अटी वरमाईच्या अटींसारख्या आहेत. चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा एवढ्यावर भागत नाही. ‘टीपीएम २.०’ नावाची, गुपिते सांभाळणारी सोय हवी. प्रोसेसरही कंपनीच्या यादीतला हवा. इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. ही पिढी २०१७ साली निघाली. त्याआधीचा संगणक कितीही धडधाकट असो, बहुधा नापास!

आपल्या लोकलच्या बाबतीत हेच घडले होते. १९२५ साली मुंबईत विजेची गाडी सुरू झाली ती १,५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. पुढे तारांमध्ये २५,००० व्होल्टची एसी वीज आली आणि ९ एप्रिल २०१६ च्या रात्री हार्बर मार्गावर शेवटची डीसी लोकल धावली. चाके झिजली म्हणून ती गाडी गेली नाही. तारेतली वीज बदलली. दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या मात्र पुढेही धावत राहिल्या. तेव्हा संगणक भंगारवाल्याला देण्यापूर्वी एवढेच विचारावे, की चाके झिजली आहेत, की वीज बदलली आहे?

चाके झिजली असतील, म्हणजे संगणक नुसताच मंद असेल, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवावी, थोडी रॅम वाढवावी. म्हातारा पुन्हा चालू लागतो. वीज बदलली असेल तर लिनक्सचा मार्ग आहे. १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने तिचा गाभा लिहिला. आज ‘उबुंटू’, ‘मिंट’ अशा तिच्या आवृत्त्या मोफत मिळतात. आपल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची एक केली आहे. यांतल्या बऱ्याच आवृत्त्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येतात. मुलगी पसंत पडल्यावर मुहूर्त काढावा, तसे.

येथपर्यंत सारे सोपे आहे. खरी अडचण पुढेच आहे, आणि ती खास मराठी घराची आहे.

चिखलोलीत आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत. दळताना आई म्हणायची त्या तीनशे ओव्या त्यांनी वीस वर्षांपूर्वी संगणकावर उतरवल्या. वही पुढे पावसात गेली. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, “बाबा, सगळे पुसून नवी प्रणाली घालतो. तुमच्या ओव्या पेनड्राइव्हवर घेतल्यात.” सून सावध. तिने तो पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि हाक मारली, “अहो, थांबा जरा! येथे ओव्या कुठे आहेत?” पडद्यावर होती इंग्रजी अक्षरे, तिरक्या रेघा आणि डॉलरची चिन्हे.

कारण असे, की त्या काळच्या बहुतेक मराठी फाँटांत ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवला जात नसे. इंग्रजी अक्षराच्या खणात मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. फाँट गेला की चित्र गेले आणि खाली इंग्रजी उरले. युनिकोडने मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. ‘क’ चा २३२५, ‘ळ’ चा २३५५. हा क्रमांक जगातल्या कोणत्याही नव्या संगणकाला कळतो.

मुलाने हात आवरला. जुन्या संगणकावर फाँट जागेवर असतानाच त्याने ओव्यांची पीडीएफ करून घेतली, म्हणजे अक्षरांचे रूप तरी टिकले. मग रूपांतर करणाऱ्या साधनाने मजकूर युनिकोडमध्ये आणला. त्यात रफार सरकले, वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या. चार संध्याकाळी मास्तर मूळ ओव्या मोठ्याने वाचत होते आणि सून दुरुस्त करीत होती. काही शब्दांचे अर्थ घरात मास्तरांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. तिने तेही समासात टिपले. नवी प्रणाली बसली ती त्यानंतरच्या रविवारी.

तेव्हा क्रम ध्यानात ठेवावा. आधी प्रत काढावी. ती दुसऱ्या संगणकावर उघडून वाचून पाहावी. जुन्या फाँटातले असेल ते युनिकोडमध्ये आणावे. आणि मगच जुने पुसावे. लक्ष्मीपूजनाला आपण कोरी वही पुजतो, पण मागल्या पानावरची बाकी पुढे ओढल्याशिवाय जुनी वही कोणी रद्दीत घालीत नाही. यंदा फराळाचे डबे भरून झाले, की त्या भरतकामाच्या आच्छादनाखाली काय काय आहे, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारून घ्यावे.