आकड्यांच्या आड गेलेली दिंडी

कार्तिकी एकादशी अवघ्या चार दिवसांवर आली होती. 31 ऑक्टोबर 2022च्या संध्याकाळी, कोल्हापूर जिल्ह्यातील जठारवाडीहून पंढरीकडे निघालेल्या पायी दिंडीत सांगोला तालुक्यातील जुनोनीजवळ एक मोटार घुसली आणि सात वारकऱ्यांचे प्राण गेले. हळहळ व्यक्त झाली, शासनाने मदत जाहीर केली. पुढच्या कार्तिकीला दिंड्या पुन्हा त्याच अंधाऱ्या रस्त्यांनी चालू लागल्या.

अशा अपघातांची कागदावरची गत ठरलेली असते. ‘हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने’ ही शब्दावली पोलीस ठाण्यांना पाठ आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात 1,68,491 माणसे रस्त्यावर मेली आणि सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू ‘अतिवेग’ या एकाच रकान्यात गेले. चालकाचा दोष कोणीही हलका करू नये. पण ज्या रकान्यात जवळजवळ सर्व काही मावते, तो रकाना काही सांगत नाही. भर दुपारी चौपदरी महामार्गावरचा ऐंशीचा वेग आणि तिन्हीसांजेला, साईडपट्टी खचलेल्या रस्त्यावर, पताका घेऊन चालणाऱ्या माणसांमागून येणारा ऐंशीचा वेग हे एकच मानायचे काय? दोहोंची सरासरी काढली, तर ती दोहोंपैकी कोणालाच लागू पडत नाही.

संख्याशास्त्राला ही अडचण शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. ग्रीनवुड आणि यूल या दोघा ब्रिटिश अभ्यासकांनी 1920 साली दारूगोळा कारखान्यांतील कामगार स्त्रियांच्या अपघातांचा हिशेब मांडला. एकच काम करणाऱ्यांतही अपघातांची वाटणी निव्वळ योगायोगाने पडावी तशी नव्हती. नोंदीत न दिसणारा काही फरक माणसामाणसांत होता. रस्ते अपघातांच्या अभ्यासात हाच विचार पुढे नेणाऱ्यांत आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले, टेक्सास विद्यापीठातील प्राध्यापक चंद्र भट हे आपल्याकडचे नाव आहे. फ्रेड मॅनरिंग आणि व्यंकटरमण शंकर यांच्यासह त्यांनी 2016 साली या छुप्या भिन्नतेची सविस्तर मांडणी केली. वेगाचा, वळणाचा, उजेडाचा परिणाम सर्वत्र सारखा न धरता तो प्रसंगागणिक बदलू द्यावा, असे ही पद्धत सांगते. तसे न केल्यास निष्कर्ष चुकतात आणि उपाय भलत्याच जागी होतात.

सोलापूर जिल्ह्यात हे भलतेपण उघड दिसते. कार्तिकी वारीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, अशा उसाच्या ट्रॉल्या आणि दिंड्या एकाच रस्त्यावर येतात. दिवसही लवकर मावळतो. आषाढीला पालख्यांबरोबर पोलिसांचा मोठा बंदोबस्त असतो. कार्तिकीच्या छोट्या दिंड्यांच्या वाट्याला बहुधा मागे चालणारा एखादा टेम्पो येतो. 2021 साली भूमिपूजन झालेल्या पालखी मार्गांवर चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट योजली, हे स्तुत्यच. पण सांगोला, मंगळवेढा, बार्शीकडून येणाऱ्यांच्या पायाखाली तो मार्ग नाही.

‘ब्लॅक स्पॉट’ची सरकारी व्याख्या आणखी बोलकी आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या पाचशे मीटर टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा एकूण दहा मृत्यू. एकाच अपघातातील सात बळी या मोजमापात बसत नाहीत. दिंडीचा धोका एका जागी ठाण मांडून बसत नाही, तो दिंडीबरोबर चालतो; म्हणून नकाशावर त्याचा ठिपका उमटतच नाही.

2021 पासून अपघातांची नोंद ‘आयरॅड’ या संगणकीय प्रणालीत होऊ लागली आणि जागा, वाहन, रस्ता यांचा तपशील एकत्र येऊ लागला. ही मोठीच सुधारणा आहे. तरी त्या संध्याकाळी त्या रस्त्यावर किती माणसे चालत होती, हे अपघाताची नोंद सांगू शकत नाही. आणि ते कळल्याशिवाय धोका मोजता येत नाही. उत्तमातले उत्तम गणितही काहीतरी दडले आहे एवढेच दाखवते, त्याचे नाव सांगत नाही. ते नाव दिंडीचालकाच्या वहीत आहे. किती माणसे, कोणता रस्ता, कोणत्या गावी मुक्काम, पहाटे निघणे केव्हा, हे सारे तिथे वर्षानुवर्षे लिहिलेले असते. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीने या वह्या दिवाळीपूर्वी मागवून घ्याव्यात, कारखान्यांच्या ऊस वाहतुकीच्या वेळापत्रकाशेजारी ठेवाव्यात आणि संध्याकाळचे कोणते टप्पे दोहोंत सामाईक आहेत ते पाहावे. दिंडीप्रमुखांनीही बोलावण्याची वाट पाहू नये.